बॉल पायथन: भुशावर २९°, भुशाखाली ४७°. चुकतंय कुठे?

हिवाळी_उन्हं
आधी मांडणी सांगते. लाकडी व्हिव्हेरियम (साप पाळायची पेटी), ४ फूट लांब, २ फूट खोल, २ फूट उंच, पुढे सरकत्या काचा. आत बॉल पायथन जातीच्या सापाची मादी (इकडे लीड्सला सगळे रॉयल पायथन म्हणतात), वजन १४०० ग्रॅम. उजवीकडच्या एक तृतीयांश भागात तळावर हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), तिच्यावर नारळाच्या भुशाचा ६ सेंमी थर. साधा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट ३२° से.वर लावलेला आहे. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, भुशाच्या वर, गरम बाजूच्या हाइडशेजारी (हाइड म्हणजे तिची लपायची जागा).

आकडे असे: गरम बाजूला भुशावर २९°, थंड बाजूला २१°. खोली रात्री १६°पर्यंत उतरते. मॅटचा दिवा कायम लागलेला, थर्मोस्टॅट ती बंद करतच नाही. आज भुसा बाजूला सारून टेम्परेचर गन मारली, तर मॅटवर ४७°. पायथन अधूनमधून उजव्या कोपऱ्यात भुसा उकरून खाली शिरते.

थर्मोस्टॅट बिघडलाय का? की ३४वर लावू, म्हणजे वर ३२ मिळतील?

कात
वाढवू नका. आधी मॅटचा प्लग काढा, बाकीचं मग. एक रात्र खोलीच्या तापमानावर गेली तर निरोगी प्रौढ बॉल पायथनचं काही बिघडत नाही. ४७°च्या मॅटवर तासभर पोट टेकलं तर बिघडतं.

थर्मोस्टॅट शहाणा आहे, त्याला चुकीच्या जागी बसवलंय. तो फक्त प्रोबचं तापमान ओळखतो. प्रोब भुशावर, उष्णता भुशाखाली, आणि मधे सहा सेंटिमीटरची रजाई. नारळाचा भुसा उष्णता अडवण्यात पटाईत. वरचा प्रोब ३२° गाठतच नाही, म्हणून मॅट अखंड चालू. उष्णता वर निघत नाही, म्हणून मॅटजवळच साठते. तुम्ही ३४ लावलं तरी वर फार काही बदलणार नाही, कारण मॅट आत्ताच पूर्ण ताकदीने चालतेय.

वरून ती उकरते. जंगलात (घाना, टोगो, बेनिन हा यांचा मुलुख) ती उंदरांच्या बिळात नि वाळवीच्या वारुळात दिवस काढते, तिथे खाली गेलं की गारवा मिळतो. तुमच्या पेटीत खाली गेलं की तवा. आणि पोटाखालून भाजताना साप चटकन बाजूला होईल या भरवशावर राहू नका, पुष्कळदा होत नाही.

आज पोट तपासा. दोन्ही हातांनी आधार देऊन उजेडात धरा. ठिपक्याठिपक्यांनी लालसर किंवा तपकिरी झालेले खवले, फुगवटे, ओलसर किंवा काळी पडलेली कड यातलं काही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा. घरगुती मलम, हळद, तेल काही लावायचं नाही. भुसा काढून साधा पांढरा किचन पेपर अंथरा, म्हणजे जखमेत कण जाणार नाहीत आणि स्राव दिसेल.

हिवाळी_उन्हं
मॅट बंद केली. पोट गुलाबी आहे, पण सगळंच, मानेपासून शेपटीपर्यंत सारखं. फोड नाहीत. डोळे जरा दुधाळ वाटतायत.

कात
मग ती कात टाकायच्या बेतात आहे. त्या दिवसांत बॉल पायथनचं पोट गुलाबी होतंच. भाजल्याची खूण तुकड्यातुकड्याने असते, जिथे टेकलं तिथेच, आणि तिला कड असते. कात पडली की त्याच दिवशी पुन्हा बघा. जुन्या कातेखाली झाकलेला डाग नव्या खवल्यावर स्पष्ट दिसतो. टाकलेली कातही उजेडाला धरून बघा. पोटाकडच्या रुंद पट्ट्या एका जागी चिकटून फाटल्या असतील तर तिथेच काहीतरी झालंय.

नळस्टॉप
हीट मॅट फेकून द्या, वाईटच असते.

डब्यातला_सूर्य
असं सरसकट नको हो. मॅट प्लास्टिकच्या टबला उत्तम चालते, तिची रीत मात्र वेगळी. मॅट टबच्या बाहेर, खालून. तळाच्या फार तर एक तृतीयांश भागात, म्हणजे उरलेला भाग गार राहतो. प्रोब मॅट आणि टबच्या मधे, मॅटच्या मध्यावर, ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने पक्का. आत अंथरूण पातळ: कागद, नाहीतर एखाद सेंटिमीटर भुसा. टब जमिनीवर दाबून ठेवायचा नाही. चार कोपऱ्यांना ५ मिमीच्या रबरी गुट्ट्या लावायच्या, खालून हवा खेळली पाहिजे.

थर्मोस्टॅटचा आकडा आणि आतला आकडा यात फरक पडणारच. आतल्या तळावर ३२ हवे असतील तर थर्मोस्टॅट बहुधा ३४-३५वर लावावा लागतो. तो फरक गनने मोजून ठरवायचा, अंदाजाने नाही.

तुमच्या पेटीत मात्र मॅट नकोच. १५ मिमीच्या लाकडाला खालून लावली तर उष्णता वर पोचणार नाही, आतून लावली तर आत्ता झालंय तेच. शिवाय मॅट हवा तापवत नाही, आणि तुमची खरी अडचण हवेची आहे: थंड बाजूला २१.

ओहम_शांती
हवेचा हिशेब करून टाकू, वॅट विकत घेण्याआधी.

पेटी १.२ × ०.६ × ०.६ मीटर. सगळ्या बाजू मिळून ३.६ चौ. मी., त्यातले ०.७२ काचेचे. १५ मिमीच्या लाकडातून दर चौ. मी.ला, दर अंशाच्या फरकाला, अंदाजे २.७ वॅट निसटतात. एकेरी काचेतून साधारण ५.५. खोली १६ आणि आत सरासरी २६ धरली तर फरक १०.
लाकूड: २.८८ × २.७ × १० = ७८ वॅट
काच: ०.७२ × ५.५ × १० = ४० वॅट
एकूण १२० वॅटच्या आसपास, जाळीतून जाणारी हवा वेगळी. म्हणजे ८० वॅटचा एकच हीटर लावला तर तो पूर्ण ताकदीने चालूनही रात्री हरणार.

आता पाठ, दोन्ही बाजू आणि तळ बाहेरून २५ मिमी एक्सपीएस फोमच्या (थर्मोकोलसारख्या, पण दाट) शीटने झाकले की त्या २.१६ चौ. मी.ची गळती ५८ वॅटवरून २० वॅटवर येते. एकूण ८०च्या घरात. छत झाकू नका, वर हीटरची जोडणी असते. हवेच्या जाळ्या तर मुळीच बुजवू नका. रात्री काचेवर बाहेरून जाड पडदा सोडा, काच ही सगळ्यात मोठी गळती आहे.

फोम लावल्यावर माझी जोडी अशी असेल:
दिवसा डीप हीट प्रोजेक्टर (उजेड न देता वरून ऊब देणारा बल्ब) ८० वॅट, डिमिंग थर्मोस्टॅटवर, म्हणजे ताकद हळूहळू कमीजास्त करणाऱ्या.
हवेसाठी सिरॅमिक एमिटर (बिनउजेडाचा, बल्बसारखा बसणारा हीटर) १०० वॅट, पल्स थर्मोस्टॅटवर, म्हणजे वीज तुटक-तुटक सोडणाऱ्या, दिवसरात्र जोडलेला. गरज असेल तेव्हाच चालेल.

कोणाला कुठला थर्मोस्टॅट, यात गल्लत होते म्हणून सांगतो. हॅलोजन आणि डीप हीट प्रोजेक्टरला डिमिंगच. त्यांना ऑन-ऑफवर टाकलं तर हॅलोजन लुकलुकत राहतो, दोन्ही लवकर मरतात आणि तापमान वरखाली झोके खातं. सिरॅमिकला पल्स किंवा डिमिंग. मॅटला ऑन-ऑफ किंवा पल्स. एलईडी दिवा यातल्या कशालाच जोडायचा नाही, त्याला वेगळा टायमर. रात्री लाल-निळे बल्ब नकोत, उजेड अजिबात नको.

होल्डर चिनी मातीचा, उष्णता सोसणारी वायर. बॅकेलाइटच्या होल्डरमधे १०० वॅटचा सिरॅमिक लावला की काही आठवड्यांत होल्डर तडकतो, मग आतली पत्ती सैल होते, मग ठिणगी. सिरॅमिकचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जातो, त्यामुळे भोवती लोखंडी पिंजरा पाहिजेच. आणि पिंजरा अशा जागी, की तिला वर चढून त्याला वेटोळं घालायला फांदी मिळणार नाही.

काचेचं_घर
न्यू जर्सी. इथल्या लोकांसाठी एक पुरवणी: काचेची टाकी आणि वर उघडी जाळी असेल तर वरचा हिशेब आणखी वाईट. गरम हवा सरळ जाळीतून वर जाते आणि ओलावाही घेऊन जाते. जाळीचा दोन तृतीयांश भाग ॲल्युमिनियम फॉइलने नाहीतर कापलेल्या पीव्हीसी शीटने झाका, पण दिव्याभोवती पुरेशी जागा मोकळी सोडून.

नळस्टॉप
यात एक धोका कोणी लिहिला नाही. तिकडून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून लोक एमिटर मागवतात. अमेरिकेतला १२० व्होल्टचा, इथे २३०. तिकडचं ई-२६ आटं आपल्याकडच्या ई-२७ होल्डरमधे आरामात बसतं, म्हणून कोणाला शंकाच येत नाही.

ओहम_शांती
बरोबर, आणि हे गंभीर आहे. ताकद व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. २३० भागिले १२०, त्याचा वर्ग ३.६७. म्हणजे १०० वॅटचा एमिटर ३६७ वॅट ओढू बघणार. नशीब असेल तर क्षणात उडेल. नसेल तर काही मिनिटं लालबुंद होऊन चालेल.

तेच गणित थोडक्यात आपल्याकडच्या व्होल्टेजच्या चढउताराला लावा. २३०चा एमिटर २५० व्होल्टवर १८ टक्के जास्त तापतो. थर्मोस्टॅट असेल तर तो सांभाळून घेतो. थर्मोस्टॅटशिवाय "बरोबर ३२ देणारा वॅट शोधलाय" म्हणणाऱ्यांचं गणित इथेच फसतं.

हिवाळी_उन्हं
फोम आणि दोन्ही हीटर मागवले. प्रोब कुठे लावू? आणि नक्की कुठे किती तापमान हवं? दर ठिकाणी वेगळं वाचायला मिळतं.

कात
वेगळं वाचायला मिळतं, कारण कोणी हवा मोजतो, कोणी पृष्ठभाग, आणि दोघंही नुसतं "३२" लिहितात. बॉल पायथनसाठी हे धरा:

गरम बाजूला हीटरखालच्या दगडाचा किंवा फळीचा पृष्ठभाग ३२ ते ३५. त्याच बाजूची हवा, सापाच्या पाठीच्या उंचीवर, ३० ते ३२. थंड बाजूची हवा २४ ते २७. रात्री कुठेही २२च्या खाली नको. पाठीच्या उंचीवर हवा ३५ झाली आणि थंड बाजूही ३०च्या वर गेली तर पळायला जागा उरत नाही, तिथून धोका सुरू.

प्रोजेक्टरचा प्रोब: हीटरच्या उभ्या रेषेत, बसायच्या जागेच्या कडेला, जमिनीपासून ४-५ सेंमीवर. मागच्या भिंतीला छोटं भोक पाडून वायर आत घ्या आणि स्क्रूने बसणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपेने प्रोब घट्ट करा. आत चिकटपट्टी वापरायची नाही, कुठल्याच प्रकारची. ती सुटली की खवल्यांना चिकटते, आणि ओढून काढताना कातडी सोलते. सिरॅमिकचा प्रोब पेटीच्या मध्याच्या जरा डावीकडे, त्याच उंचीवर, २४वर लावा.

प्रोब सैल असेल तर काय होतं, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. तिने तो ढकलून पाण्याच्या भांड्यात पाडला, की तो २२ दाखवत राहतो आणि हीटर थांबत नाही. त्यावर लघवी केली, ओला झाला, पुन्हा तेच. त्यावर वेटोळं घालून बसली, की प्रोब तिच्या अंगाची ऊब मोजतो आणि हीटर लवकर बंद होतो, पेटी गारठते.

ओहम_शांती
यात एक विजेचं कारण जोडतो. बहुतेक प्रोबमधे एनटीसी थर्मिस्टर असतो, २५°ला १० किलोओहम वगैरे. तापमान उतरलं की त्याचा रोध वाढतो. आता वायर आतून तुटली, तर रोध अनंत. कंट्रोलर त्याचा अर्थ "भयंकर थंडी" असा लावतो. चांगला थर्मोस्टॅट तुटका प्रोब ओळखून हीटर बंद करतो, स्वस्तातला ओळखेलच असं नाही. विकत घेतल्यावर पहिल्या दिवशीच, साप आत नसताना, प्रोब उपटून बघा. हीटर चालू राहिला तर परत करा.

दुसरं, रिलेचे (थर्मोस्टॅटमधल्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट कधीकधी चिकटून बसतात, मग पडद्यावर "ऑफ" दिसतं नि हीटर चालूच. म्हणून दुहेरी बंदोबस्त: भिंतीचा प्लग, मग तुमचा जुना ऑन-ऑफ थर्मोस्टॅट ३६वर, त्याच्यात डिमिंग थर्मोस्टॅट, त्याच्यात हीटर. क्रम उलटा नको, डिमरमधून निघणाऱ्या विजेवर दुसरं इलेक्ट्रॉनिक्स चालत नाही. दोघांचे प्रोब शेजारीशेजारी, पण वेगळ्या क्लिपांत.

डब्यातला_सूर्य
प्रोब खरं बोलतोय का, ते आधी बर्फाने तपासा. पेला चेचलेल्या बर्फाने भरा, फटी बुजतील एवढंच पाणी घाला, ढवळा, दोन मिनिटं थांबा. प्रोब मध्यावर बुडवा, पेल्याच्या तळाला टेकवू नका. शून्य यायला हवं. अर्धा अंश इकडेतिकडे चालेल. दीड-दोनचा फरक दिसला तर कंट्रोलरमधे दुरुस्ती करा. एसटीसी-१००० या डिजिटल कंट्रोलरमधे ती एफ-४ या सेटिंगमधे असते. एफ-१ ठरवलेलं तापमान, एफ-२ चालू-बंदमधला फरक. एफ-२ अर्ध्या अंशावर ठेवलेला बरा.

गोल काट्याचे चिकटवायचे थर्मामीटर काढून टाका. ते भिंतीचं तापमान सांगतात, आणि तेही धड नाही.

कात
गनबद्दलही, कारण आत्ता सगळा निवाडा तिच्यावर चाललाय. काच उघडून मारा. गन काचेपलीकडचं बघत नाही, काचेचंच तापमान देते. गनवर १२:१ लिहिलं असेल तर ६० सेंमीवरून ती ५ सेंमी रुंद वर्तुळाची सरासरी मोजते. लेसरचा ठिपका फक्त नेम दाखवतो, आणि जवळून तर नेमही थोडा बाजूला असतो. म्हणून १५-२० सेंमीवरून मारा. चकचकीत धातूवर मारू नका, स्टीलच्या भांड्यावर आलेला आकडा भरवशाचा नसतो. हवेसाठी गन निरुपयोगी, त्याला वेगळा डिजिटल थर्मामीटर, दोन्ही बाजूंना एकेक.

आंबोली_घाट
तो तापलेला दगड मिळतो ना, आतून वायर असलेला, तो रात्रीपुरता ठेवला तर?

कात
नको. एका बिंदूला भाजतो, हवेला काही देत नाही. गार खोलीत साप त्यालाच बिलगून बसतो. पोट भाजलेल्या सापांच्या फोटोंत तोच दगड मागे दिसतो.

नळस्टॉप
लीड्सवाल्यांचं झालं, आता पुण्याचं. एप्रिल-मे. खोली ३६-३७, हीटर सगळे बंद, तरी पेटीत ३५. कॉर्न स्नेक असेल तर आणखी अडचण, त्याला गरम बाजू २९ ते ३१ आणि थंड बाजू २२ ते २५ लागते.

डब्यातला_सूर्य
थर्मोस्टॅट थंड करू शकत नाही, हे वाक्य पेटीवर लिहून ठेवण्यासारखं. उन्हाळ्याचा क्रम: पेटी माळ्यावरून किंवा कपाटावरून उतरवून फरशीवर, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. आतले दिवे बाहेर. पाण्याचं भांडं मोठं, तिला पूर्ण वेटोळं घालता येईल एवढं. १ लिटरची गोठवलेली बाटली जाड टॉवेलात गुंडाळून थंड बाजूच्या बाहेरून टेकवा, आत नाही. एसटीसी-१०००ला कूलिंगचा वेगळा रिले असतोच, त्यावर १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा ॲडॉप्टरसकट जोडा, हवा बाहेर ओढणारा. पण खोलीच ३७ असेल तर पंखा ३७चीच हवा आणणार. मग त्या खोलीत एसी २७-२८वर, दुपारचे चार तास तरी. कूलर चालतो, पण ओलावा बघा. बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के ठीक, सतत चिंब भुसा मात्र खवले कुजवतो.

तापलेल्या सापाची लक्षणं: थंड कोपऱ्याची भिंत सोडत नाही, पाण्यातून निघत नाही (माइट, म्हणजे अंगावरचे बारीक रक्तपिपासू किडे झाले तरी हेच करतो, तेही बघा), तोंड उघडं, डोकं वर वळवून पडलेला. शेवटची दोन दिसली तर त्याला थंड बाजूइतक्या, म्हणजे २४ ते २७ अंशांच्या पाण्यात बसवा, बर्फाच्या नाही, डोकं पाण्याबाहेर, आणि सरळ डॉक्टर.

ओहम_शांती
वीज गेली तर, हेही पुण्यातलंच. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर डिमिंग थर्मोस्टॅट गडबडतो. साइन वेव्ह असेल तरच जोडा. थंडीत दोन-चार तास गेली तर नुसती गोधडी टाका पेटीवर, जाळी सोडून. लांबली तर कोमट पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून हाइडच्या बाहेर.

आंबोली_घाट
अवांतर: नवीन वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा, भारतात हे सगळं फक्त परदेशी जातींबद्दल. धामण किंवा आपला अजगर घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. बॉल पायथनची नोंदणी २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

हिवाळी_उन्हं
फोम लावला, हीटर बसवले, दोन दिवस साप टबमधे ठेवून पेटी रिकामी चालवली. कात परवा पडली, सलग आणि अखंड, पोटावर डाग नाही.

आकडे, खोली १६ असताना पहाटे ५ वाजता: थंड बाजूची हवा २३.५. दिवसा, खोली १९: गरम पृष्ठभाग ३३.८, पाठीच्या उंचीवर हवा ३१, थंड बाजू २५.५. प्रोजेक्टर साठ टक्क्यांच्या आसपास चालतो.

दोन शंका. ओलावा ६० वरून ४२वर आला. आणि ती गरम बाजूला येतच नाही, दिवसभर डावीकडच्या हाइडमधे.

कात
ओलाव्याला फवारे मारत बसू नका, तासाभरात उडतात. आठ-दहा दिवसांतून भुशाच्या कोपऱ्यांत अर्धा-पाऊण लिटर पाणी ओता, खालचा थर ओला, वरचा कोरडा राहू दे. आता मॅट नाही, त्यामुळे ६ सेंमी भुसा तुमच्या फायद्याचा आहे, ८ केला तरी चालेल.

उजवीकडे हाइड कसला आहे? तिला आधी लपायला पाहिजे, ऊब नंतर. दोन्ही बाजूंना अगदी एकसारखे, अंग दोन्हीकडून टेकेल इतके घट्ट, एकाच दाराचे हाइड ठेवा. मोठा, उघडा हाइड तिला हाइड वाटतच नाही. आणि जेवण दिल्यावर दोन दिवस नुसतं लांबून बघा, पचवायला ती स्वतःच उजवीकडे जाते. गेली नाही आणि भक्ष्य उलटलं तर पुन्हा इथे लिहा.

हिवाळी_उन्हं
उजवीकडचा अर्धा ओंडका होता, दोन्हीकडून उघडा. बदलते.
आणखी एक, मागच्या दोन्ही रात्री साडेअकराच्या सुमाराला गरम बाजूचा आकडा एकदम १९ दाखवतो आणि मिनिटभरात परत येतो. हवा तर तशीच असते.

ओहम_शांती
मिनिटात बारा अंश हवा पडत नाही, वायर सुटतेय. साडेअकराला तुम्ही काय करता? पडदा सोडता ना काचेवर? प्रोबची वायर मागच्या भोकातून घेतलीय की काचेच्या खाचेतून?

हिवाळी_उन्हं
खाचेतून. काच सरकवली की चेमटतेय. वरचं प्लास्टिक कापलं गेलंय, आत तांबं दिसतंय.

ओहम_शांती
प्लग काढा. ती वायर टेप लावून वापरू नका, नवीन प्रोब मागवा आणि मागे ८ मिमीचं भोक पाडा, कड सँडपेपरने घासून रबरी ग्रोमेट (भोकाची कड झाकणारी कडी) बसवा. नवीन प्रोब आला की बर्फाच्या पेल्यातून काढूनच लावा.